मदत हवी आहे: यूकेत पीसीपीवर घेतलेली गाडी मुदतीआधी परत करायची आहे

थेम्सकाठ | ५ एप्रिल

नमस्कार मंडळी. आम्ही सात वर्षं इंग्लंडमध्ये रीडिंगला आहोत. नवऱ्याच्या कंपनीने पुण्याला परत बोलावलंय. लेकीची शाळा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात संपते आणि ३ ऑगस्टची तिकिटं काढली आहेत. घर भाड्याचं, त्यामुळे ती कटकट नाही. फर्निचर अर्धं विकलं गेलंय. अडकलीय ती गाडी.

आकडे देते. गाडी पीसीपीवर, म्हणजे पर्सनल कॉन्ट्रॅक्ट पर्चेसवर, घेतलीय. किंमत २१,५०० पौंड होती. डिपॉझिट २,००० भरलं. ४८ हप्ते, दर महिन्याच्या २८ तारखेला २९९. शेवटी गाडी ठेवायची असेल तर ८,४०० चा बलून, म्हणजे एकरकमी शेवटची रक्कम, आणि वर १० पौंड फी. आजवर ३१ हप्ते गेले, एकही चुकलेला नाही.

डीलरला सांगितलं, तर तो म्हणे नवी घ्या, जुनी ह्यात वळवू. भारतात चाललोय म्हटल्यावर त्याचा उत्साह मावळला. फायनान्स कंपनीची आजची सेटलमेंट फिगर, म्हणजे सगळं देणं आज मिटवायची रक्कम, आहे १२,६९०, आणि ऑनलाइन गाड्या विकत घेणाऱ्यांनी जास्तीत जास्त १०,३५० देऊ केले. म्हणजे गाडी देऊन वर २,३४० आपल्याच खिशातून. सासूबाईंनी फोनवर त्याचे रुपये केले आणि नंतर बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मग फायनान्स कंपनीला फोन केला. गाडी परत देता येईल म्हणाले आणि एक फॉर्म ईमेल केला. त्यावर 'व्हॉलंटरी सरेंडर' लिहिलंय. त्यात असं दिसतं की ते गाडी लिलावात विकणार आणि जे कमी पडेल ते आमच्याकडून घेणार. ऑफिसातली एक मैत्रीण मात्र म्हणते, निम्मे पैसे भरले की गाडी देऊन मोकळं होता येतं, तसा कायदाच आहे. कोण बरोबर? आणि करार नवऱ्याच्या नावावर आहे, तर पत्रव्यवहार मी केला तर चालेल का?

टायरफुटी | ५ एप्रिल

ताई, आधी एक करा: त्या फॉर्मवर सही करू नका.

सरेंडर आणि टर्मिनेशन ह्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. सरेंडर म्हणजे 'मला झेपत नाही, गाडी घेऊन जा'. मग लिलावात येईल ती किंमत आणि उरलेलं सगळं देणं तुमच्या डोक्यावर. व्हॉलंटरी टर्मिनेशन, इथे सगळे ज्याला व्हीटी म्हणतात, तो तुमचा हक्क आहे. कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्ट १९७४, कलम ९९ आणि १००. हायर पर्चेस (सगळे हप्ते फिटेपर्यंत गाडी कंपनीच्याच मालकीची) किंवा पीसीपी असेल तर शेवटचा हप्ता देय होण्याआधी कधीही लेखी नोटीस देऊन करार संपवता येतो. तुमची जबाबदारी एकूण देय रकमेच्या निम्म्यापर्यंतच, अधिक आधीची थकबाकी असेल तर ती, आणि गाडीची नीट काळजी घेतली नसेल तर त्याची भरपाई. निम्म्याहून जास्त भरलं असेल तर जास्तीचे परत मिळत नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

करार काढा. त्यात 'टर्मिनेशन: युअर राइट्स' असं शीर्षक असलेली चौकट असेलच. निम्मी रक्कम किती तो आकडाही तिथे पौंडांत छापलेला असतो.

नोटीस मात्र ज्याच्या नावावर करार आहे त्यानेच द्यायची. मजकूर तुम्ही लिहा, सही आणि ईमेल त्यांचा.

थेम्सकाठ | ५ एप्रिल

सापडली चौकट! तिसऱ्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत. १२,३८१ पौंड. अडीच वर्षं हा कागद स्वयंपाकघरातल्या फाइलमध्ये आहे आणि आम्ही तो आज पहिल्यांदा वाचतोय.

खडूस_हिशेबनीस | ५ एप्रिल

आकडे जुळतात. २,००० + ४८ × २९९ + ८,४०० + १० = २४,७६२. त्याचे निम्मे १२,३८१. इथे लोक दोन चुका करतात. एक म्हणजे गाडीच्या किमतीचं निम्मं धरतात. ते नाही. व्याज, फी आणि बलून धरून जी एकूण रक्कम होते तिचं निम्मं. दुसरी म्हणजे डिपॉझिट मोजायचं विसरतात. ते तुमच्या बाजूने धरलं जातं, जुनी गाडी देऊन डिपॉझिट केलं असेल तरीही.

बलून निम्म्यात धरला जातो म्हणूनच पीसीपीत निम्म्याची रेषा इतकी उशिरा येते. साध्या हायर पर्चेसमध्ये अर्धी मुदत संपायच्या आसपासच गाठली जाते, डिपॉझिट मोठं असेल तर त्याच्याही आधी.

आता तुमचं. ३१ हप्ते धरून भरले ११,२६९. आज व्हीटी केलं तर १,११२ द्यायचे. विकण्यातल्या २,३४० पेक्षा निम्म्याहून कमी. पण घाई कशाला? तुम्ही ऑगस्टला जाणार. एप्रिल, मे, जून आणि जुलै असे चार हप्ते भरले की ११,२६९ + १,१९६ = १२,४६५. रेषा पार. म्हणजे आज गाडी देऊन १,११२ मोजण्याऐवजी चौऱ्याऐंशी पौंड जास्त भरून चार महिने गाडी दारात. चार महिने भाड्याने गाडी घ्यायला किती पडतील ते बघा.

आणखी चिकटपणा करायचा असेल तर जुलैचा हप्ता देय व्हायच्या आत, म्हणजे २८ जुलैआधी, नोटीस द्या. तोवर ३४ हप्ते, १२,१६६ भरून होतील. फरक फक्त २१५.

एक अट मात्र माझ्या बाजूने: जुलैत पुन्हा एकदा सेटलमेंट फिगर मागवा आणि गाडीची किंमत काढा. बाजारभाव सेटलमेंटच्या वर गेला असेल तर व्हीटी करणं वेडेपणा. मग विकायची, फायनान्स चुकता करायचा आणि वरचे पैसे आपले. तुमच्या आकड्यांवरून तसं होईल असं वाटत नाही.

पेठेतला | ६ एप्रिल

तुम्हा लोकांची मजा आहे. माझ्या मेहुण्याने इथे पुण्यात हप्ते झेपेनात म्हणून गाडी बँकेला नेऊन दिली. त्याला वाटलं सुटलो. बँकेने लिलाव केला आणि उरलेल्या रकमेची नोटीस घरी आली, सिबिल बोंबललं ते वेगळं. आपल्याकडे असं निम्म्याचं काही का नाही?

खडूस_हिशेबनीस | ६ एप्रिल

कारण आपल्याकडे बहुतेक गाड्या कर्जावर घेतलेल्या असतात, हायर पर्चेसवर नाही. गाडी पहिल्या दिवसापासून तुमची. आरसीवर बँकेचं नाव चढतं ते हायपोथिकेशन, म्हणजे तारण. कर्ज फेडल्यावर एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत ते उतरवायचं. तारण परत दिल्याने कर्ज मिटत नाही, सोनं गहाण ठेवल्यासारखंच. इथल्या पीसीपीत उलट आहे. शेवटची रक्कम भरेपर्यंत गाडी कंपनीचीच, लॉगबुकवर, म्हणजे इथल्या आरसीवर, तुमचं नाव असतं ते फक्त 'रजिस्टर्ड कीपर' म्हणून.

गंमत म्हणजे आपल्या संसदेने १९७२ मध्ये हायर पर्चेस कायदा केला होता. तो कधी अमलातच आणला नाही आणि २००५ मध्ये रद्द करून टाकला. ब्रिटनमध्ये निम्म्याचा नियम १९७४ च्याही आधीचा, १९३८ च्या हायर पर्चेस अ‍ॅक्टमधला. जॅरोच्या खासदार एलन विल्किन्सन यांनी ते विधेयक आणलं होतं. तेव्हा प्रश्न गाड्यांपेक्षा घरातल्या सामानाचा जास्त होता. जवळजवळ सगळे हप्ते भरून झालेलं फर्निचर एक हप्ता चुकला म्हणून उचलून न्यायचे. एक तृतीयांश भरल्यावर कोर्टाच्या आदेशाशिवाय वस्तू नेता येत नाही, हा नियमही तेव्हाचाच. विषयांतर झालं, माफ करा.

निवांत | ६ एप्रिल

एवढं कशाला? हीथ्रोच्या पार्किंगला लावायची, किल्ली पोस्टाने पाठवायची. पुण्यात कोण येतंय वसुलीला?

टायरफुटी | ६ एप्रिल

निवांत, तुमच्यासारख्यांच्या सल्ल्यानेच लोक अडकतात. नोटीस न देता हप्ते थांबवले की कंपनी डीफॉल्ट नोटीस काढते आणि मग करार तीच संपवते. एकदा करार कंपनीने संपवला की व्हीटीचा हक्कच गेला, मग देणं निम्म्याचं नाही, पूर्ण. शिवाय क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे इथलं सिबिल, बिघडतं. ताईंच्या यजमानांना कंपनीने उद्या परत इकडे पाठवलं तर घर भाड्याने मिळायची मारामार.

लेस्टरचा_भाऊ | ७ एप्रिल

मी दोन वर्षांपूर्वी व्हीटी केलंय. जे कायद्यात दिसत नाही ते सांगतो.

माझी पहिली चूक: नोटीस पाठवली त्याच दिवशी बँकेतून डायरेक्ट डेबिट बंद केलं. कंपनीने नोटीसची नोंद करायला दोन आठवडे लावले, तेवढ्यात एक हप्ता 'मिस्ड' म्हणून क्रेडिट रिपोर्टवर चढला. तो काढायला तीन महिने भांडलो. करार संपल्याचं लेखी येईपर्यंत डेबिटला हात लावू नका. जास्त गेलं तर परत मागता येतं.

दुसरं, फोनवर काही करू नका. फोनवर प्रत्येक जण वेगळं सांगतो आणि सगळे फिरून सरेंडरवरच आणतात. ईमेल आणि त्याच मजकुराचं रजिस्टर्ड पोस्ट. करार क्रमांक, 'कलम ९९ नुसार हा करार संपवत आहे, हे सरेंडर नाही', आणि गाडी कधी, कुठून न्याल ते कळवा. बस. कारणं लिहू नका, विनवण्या नकोत. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस आणि नॅशनल डेट्लाइन ह्या कर्जाबद्दल सल्ला देणाऱ्या संस्थांकडे नमुना पत्रं फुकट आहेत.

तिसरं, फोटो. गाडी धुऊन, उजेडात, चारही बाजू, चाकं, काचा, सीट, डिकी आणि मायलेजचा, म्हणजे गाडी एकूण किती मैल चालली तो, आकडा. न्यायला आलेल्या माणसाच्या कागदावर त्याच्यासमोर वाचून मगच सही करा. इन्शुरन्स गाडी दारातून जाईपर्यंत चालू.

क्रेडिट रिपोर्टवर व्हीटीची नोंद राहते. ते डीफॉल्ट नाही, पण पुढे गाडीसाठी फायनान्स मागायला गेलात तर त्यांना ती दिसते.

थेम्सकाठ | ७ एप्रिल

भाऊ, हे फार उपयोगाचं. एकच धास्ती उरली, मायलेज. करारात वर्षाला ८,००० मैल आणि पुढे मैलामागे ९ पेन्स. आज काट्यावर २३,४०० आहेत. लेक हॉकी खेळते आणि दर शनिवारी मॅच कुठल्या तरी भलत्याच गावाला असते.

खडूस_हिशेबनीस | ७ एप्रिल

कलम १०० मध्ये मायलेजचा शब्द नाही. निम्मी रक्कम आणि योग्य काळजी, एवढंच. त्यामुळे बरेच जण ठामपणे म्हणतात की कंपनीला मागताच येत नाही. मी इतका ठाम नाही. काही करारांत स्पष्ट लिहिलेलं असतं की मुदतीआधी संपवलात तर मायलेज त्या प्रमाणात मोजू, आणि असे वाद ओम्बुड्समनकडे, म्हणजे ग्राहक आणि कंपनीतल्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, गेले की करारातल्या शब्दांना वजन येतं. तुमच्या करारातलं ते वाक्य जसंच्या तसं इथे टाका.

थेम्सकाठ | ७ एप्रिल

थोडक्यात असं आहे: कराराच्या अखेरीस गाडी परत केल्यास जादा मैलांचे पैसे द्यावे लागतील. मुदतीआधी संपवण्याबद्दल त्या परिच्छेदात काही नाही.

खडूस_हिशेबनीस | ८ एप्रिल

मग तुमची बाजू चांगली आहे. बिल आलंच तर भरायची घाई करू नका. लेखी तक्रार म्हणून नोंदवा. त्यांना आठ आठवडे असतात. अंतिम उत्तर पटलं नाही तर त्या तारखेपासून सहा महिन्यांत फायनान्शियल ओम्बुड्समनकडे. त्याला पैसे पडत नाहीत आणि भारतातून ईमेलवर चालतं. ह्या वादावरून गाडी परत नेणं मात्र त्यांना अडवू देऊ नका, दोन्ही वेगळे विषय ठेवा.

थेम्सकाठ | २२ ऑगस्ट

मंडळी, पुण्याहून लिहितेय. धागा अर्धवट सोडलेला मलाच आवडत नाही, म्हणून काय झालं ते सांगते.

जुलैत किंमत पुन्हा काढली, विकण्यात तोटाच होता. १४ जुलैला नवऱ्याच्या नावाने नोटीस गेली, ईमेल आणि पोस्ट दोन्ही. तीन दिवसांनी पुन्हा तोच सरेंडरचा फॉर्म आला! आम्ही उत्तरात फक्त चौदा तारखेचा ईमेल परत जोडला. त्यानंतर सरळ झाले. २१५ भरले, गाडी २९ तारखेला नेली. नोटीस दिल्यापासून आम्ही ती चालवलीच नाही, शेवटच्या दोन मॅचेसना लेक मैत्रिणीच्या गाडीतून गेली.

न्यायला आलेला माणूस सज्जन होता. चाकावरचा एक ओरखडा लिहून घेतला, त्याचे काही लावले नाहीत. मागच्या सीटच्या खाचेतून त्याने एक बाकरवडी काढून दाखवली. नवरा म्हणाला ती गणपतीची असणार, म्हणजे जवळजवळ वर्षभराची.

करार संपल्याचं पत्र आलं. आणि आठवड्याने २६४ पौंडांचं मायलेजचं बिलही. करारातला तो परिच्छेद उद्धृत करून तक्रार टाकलीय, आठ आठवडे मोजतोय. तिकडचं बँक खातं अजून बंद केलं नाही ते बरं झालं, कारण इन्शुरन्सचे उरलेले पैसे त्यातच आले.

आता एक छोटा प्रश्न. डीव्हीएलएला, म्हणजे तिथल्या गाड्यांच्या नोंदणी खात्याला, गाडी दिल्याचं ऑनलाइन कळवलं होतं, त्यांनी रोड टॅक्सच्या उरलेल्या महिन्यांचा चेक पाठवलाय. तो लॉगबुकवरच्या पत्त्यावर गेला, म्हणजे आमच्या जुन्या घरी. नव्या भाडेकरूने मैत्रिणीकडे दिलाय. इथून वटवायचा कसा?

टायरफुटी | २२ ऑगस्ट

बहुतेक बँकांच्या अ‍ॅपमध्ये चेकचा फोटो काढून भरता येतो, पण चेक हातात लागतो, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोचा फोटो चालणार नाही. मैत्रिणीला यजमानांचा अकाउंट नंबर आणि सॉर्ट कोड कळवा, ती शाखेत जाऊन भरू शकेल. आणि तिला एक बाकरवडीचं पाकीट पाठवा. ताजी.