नागासाकीहून काय आणावं? सल्ला हवाय

सायली_कोथरूड
नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या कामानिमित्त पुढच्या महिन्यात आम्ही जपानमध्ये फुकुओकाला असू. त्यातला एक शनिवार-रविवार नागासाकीला काढायचाय. काय बघायचं ते बऱ्यापैकी ठरलंय, गाडी अडलीये ती खरेदीपाशी. कीचेन आणि फ्रीज मॅग्नेट नकोत. ऑफिसात वाटायला खाऊ, नऊ वर्षांच्या भाच्याला काहीतरी, आणि सासूबाईंना काहीतरी (त्या अंडं खात नाहीत). शिवाय घरात ठेवायला एक अशी वस्तू, जी पाहिल्यावर नागासाकीच आठवेल. तिकडे राहिलेल्यांनी सांगा प्लीज.

पारिजात
ऑफिससाठी डोळे मिटून कासुतेरा! सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणलेला हा केक नागासाकीने पूर्ण आपलासा केला. अंडी, साखर, मैदा, साखरेचा पाक. लोणी किंवा तेल नाही. खरी मजा तळाशी आहे. खालचा कागद हळूच सोलायचा, तिथे जाड साखरेचे न विरघळलेले दाणे असतात आणि मऊ केकसोबत ते दाताखाली कुरकुरतात. १६२४ पासून चालत आलेल्या फुकुसाया या कासुतेराच्या दुकानाचे छोटे चौकोनी डबे मिळतात, एकेकात दोन तुकडे आणि काटा. वाटायला तेच सोयीचे. फार टिकत नाही, त्यामुळे डब्यावरची तारीख बघून शेवटच्या दिवशी घ्या. स्टेशनवरच्या कामोमे इचिबा बाजारात खाऊची बहुतेक दुकानं एका जागी सापडतील.

सासूबाईंना मात्र हे चालणार नाही. त्यांच्यासाठी योरियोरी बघा. चिनी वस्तीतून आलेली, पीळ घालून तळलेली कणकेची कांडी, आपल्या शंकरपाळीची कडक बहीण. दुकानदाराला "तामागो नाशी?" (अंडं नाही ना?) असं विचारा. जपानमध्ये पाकिटावर अंड्याचा उल्लेख सक्तीचा आहे, पण तळणीचं तेल कुठलं तेही फोनने वाचून घ्या, कधी डुकराची चरबी असते.

गच्चीवरचा_मांजा
भाच्यासाठी पतंगच आणा! तिथे त्याला हाता म्हणतात. बांबूच्या कामट्या आणि कागद, आकार आपल्या पतंगासारखाच चौकोनी, शेपूट नाही, आणि काम काटाकाटीचं. दोऱ्याला काचेची पूड लावतात. देजिमा या नागासाकीच्या बेटावर राहणाऱ्या डच व्यापाऱ्यांबरोबर आलेल्या इंडोनेशियन नोकरांनी हा पतंग इथे आणला असं सांगतात. त्यामुळे लाल-पांढरा-निळा डच झेंड्याचा नमुना फार दिसतो. सजावटीसाठी छोटे पतंगही असतात. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट बांधून न्या. काचेचा दोरा मात्र तिथेच राहू दे, भाच्याच्या हातात तो नकोच.

पोप्पेन हे काचेचं खेळणंही लोक सुचवतील. नळीतून हलकेच फुंकलं की तळाची पातळ काच आतबाहेर होते आणि टिक-टॉक वाजते. सुंदर आहे, पण नऊ वर्षांच्या मुलासाठी फारच नाजूक.

अर्नाळ्याची_लाट
मी वसईची, म्हणून खरेदीआधी एक आग्रहाचं सांगते. स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर निशिझाका टेकडी आहे. तिथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकुमाने २६ ख्रिस्ती लोकांना क्रुसावर चढवलं. त्यातले एक गोन्सालो गार्सिया, आमच्या वसईत जन्मलेले. फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाचे बंधू होते आणि जपानी चांगलं येत असल्याने दुभाषाचं काम करत. १८६२ मध्ये त्यांना संत घोषित केलं. वसईत त्यांच्या नावाचं चर्च आणि कॉलेज आहे. इतक्या लांब जाताय तर त्या २६ ब्राँझ मूर्तींसमोर थोडा वेळ थांबा. गोव्याहून मलाक्का, मकाऊ करत पोर्तुगीज माल ज्या बंदरात उतरायचा, ते हेच.

सायली_कोथरूड
@अर्नाळ्याची_लाट, हे मला माहीतच नव्हतं! शनिवारी सकाळी पहिलं तिथेच जाऊ. पतंग नक्की. आता घरात ठेवायची वस्तू राहिली. एकीने बेक्कोची केसात खोचायची पिन सुचवलीये, फोटोत मधासारखी चमकते. घ्यावी का?

पारिजात
नको, अजिबात नको. बेक्को म्हणजे हॉक्सबिल या समुद्री कासवाच्या पाठीचं कवच. कारागिरी शेकडो वर्षांची आणि अप्रतिम आहे, पण या कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे. जपानने स्वतः १९९२ च्या अखेरीस कच्च्या मालाची आयात थांबवली. तिथे दुकानात उघड विकतात म्हणून ती भारतात आणता येते असं नाही. कस्टम्सचं सोडा, ते कासव अस्तंगत व्हायच्या वाटेवर आहे, हे कारण मला पुरेसं वाटतं.

त्याऐवजी हासामीची चिनी माती घ्या. हासामी हे नागासाकी प्रांतातलंच गाव, रोजच्या वापराची भांडी हा त्यांचा हातखंडा. साधा निळ्या रेघांचा भाताचा वाडगा सासूबाईंनाही आवडेल, हा माझा अंदाज. आणि तुमच्या घरासाठी कोम्प्रा बाटली शोधा. पांढरी, आखूड मानेची, पोटावर निळी डच अक्षरं. देजिमावरून सोया सॉस आणि साके अशा बाटल्यांत भरून युरोपला जायचं, आणि त्या हासामीतच घडायच्या. आता त्याच घाटाच्या नव्या बाटल्या बनतात. आधी देजिमा बघा. १६३६ मध्ये बांधलेलं पंख्याच्या आकाराचं बेट, आता आजूबाजूला भराव पडून शहरात मिसळलंय, पण गोदामं पुन्हा उभी केलीत. ती बघून आल्यावर बाटली हातात घ्या. दुकानदार कागदात छान गुंडाळून देतात, तरी केबिन बॅगेतच ठेवा.

सायली_कोथरूड
ठरलं, बाटलीच. पिन कॅन्सल. वाडगे दोन घेते, एक माझ्या आईला.