रात्री ९ वाजता ५० हजार: पाटल्या, ॲप की दिरांना फोन?

चाकणची सून
गेल्या महिन्यात सासूबाई मोरीत घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. रात्री ९ वाजता काउंटरवर सांगितलं, ५० हजार अनामत भरा, मग बेड. आमच्या दोघांच्या खात्यात मिळून ११ हजार. हे कंत्राटी कामावर, पगार ७ तारखेला. मी ब्लाउज शिवते, आणि शाळेच्या फिया भरून हात रिकामा झालेला.

ह्यांनी तिथेच बाकड्यावर बसून ॲपवरून ३० हजारांचं कर्ज काढलं. खात्यात आले २६,७००, बाकीचे आधीच कापून. ११,२०० चे तीन हप्ते. कमी पडले ते शेजारच्या काकांनी दिले. सकाळी मी कुणाला न विचारता माहेरच्या पाटल्या घेऊन सरकारी बँकेत गेले. सोनाराने कसोटीवर घासून बघितल्या, वजन केलं, तासाभरात ८० हजार जमा. व्याज वर्षाला ९ टक्के, म्हणजे महिन्याला ६०० रुपये.

तेव्हापासून घरात अबोला आहे. हे म्हणतात, सोनं गहाण टाकलं म्हणजे चारचौघांत पत गेली. मी म्हणते, मग सोनं कशासाठी असतं, लग्नात मिरवायला? नाशिकच्या दिरांना फोन करता आला असता, पण तो दोघांनीही केला नाही. तुम्ही काय केलं असतं?

रोखठोक
राग येईल, पण बोलतो. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली की हेच होणार. महिन्याला ५०० रुपये तरी बाजूला पडलेच पाहिजेत, मग पगार कितीही असो.

तळ्यात मळ्यात
५०० च्या हिशोबाने ५० हजार जमायला १०० महिने लागतात, म्हणजे आठ वर्षं चार महिने. तोवर सासूबाईंनी मोरीत जायचं नाही का?

रोखठोक
हिशोब अर्धाच केलात. २५ महिन्यांत साडेबारा हजार झाले असते आणि शेजाऱ्यांचं दार वाजवावं लागलं नसतं. सगळे पैसे जमणार नाहीत म्हणून काहीच जमवायचं नाही, हे मला पटत नाही.

जुना कारकून
पतसंस्थेत ३१ वर्षं काढली, म्हणून आधी कागद-पेन घेतलं. हातात आले २६,७००, तीन महिन्यांत फेडायचे ३३,६००. घटत्या शिलकीवर, म्हणजे हप्त्यागणिक कमी होणाऱ्या मुद्दलावर मांडलं तर हा दर महिन्याला शेकडा १२ च्या वर जातो. महिन्याला, वर्षाला नव्हे! आपल्या राज्याच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात परवानाधारक सावकाराला बिगरशेती, विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांची मर्यादा आहे. तेव्हा पत कुठे गेली, हे तुमच्या यजमानांनीच ठरवावं.

आणखी एक. ॲपचं कर्ज घेतल्यावर थोडी मुदत असते, कमीत कमी १ दिवस. तेवढ्यात मुद्दल आणि त्या दिवसांचं व्याज भरलं की दंडाशिवाय सुटता येतं, फार तर फी जाते. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पाटल्यांचे पैसे आल्या आल्या आधी ते कर्ज का नाही फेडलंत?

चाकणची सून
काका, हे माहीतच नव्हतं. ८० हजार त्याच दुपारी सळी आणि ऑपरेशनच्या पैशांत गेले.

पैठणची
सगळे सोन्याच्या बाजूने बोलताहेत म्हणून लिहिते. माझ्या आईची ठुशी अशीच ‘फक्त तीन महिन्यांसाठी’ ठेवली होती, बँकेत नाही, नाक्यावरच्या खाजगी फायनान्सवाल्याकडे. व्याज थकलं. लिलावाची नोटीस जुन्या पत्त्यावर गेली. ठुशी गेली. आई अजून लग्नाला जाताना गळ्यावरून हात फिरवते. मी दिरांनाच फोन केला असता. घरचा माणूस लिलाव तरी करत नाही.

तळ्यात मळ्यात
घरचा माणूस व्याज घेत नाही हे खरं, पण पुढची दहा वर्षं प्रत्येक बारशाला, मुंजीला विषय काढतो. मी मेव्हण्याकडून ४० हजार घेतले होते, सगळे फेडले. अजून मी नवा मोबाइल घेतला की सासुरवाडीत माना वळतात. बँकेतल्या बाईंनी असं काही केलेलं नाही.

पैठणची
तुमचा मेव्हणा तसा असेल. माझ्या भावाने वहीत लिहूनसुद्धा ठेवलं नाही.

भिशीवाली काकू
आमची बारा जणींची भिशी, महिना २ हजार. चिठ्ठी कुणाचीही निघो, जिच्या घरात आजारपण तिला आधी उचल, हा सुरुवातीपासूनचा नियम. २४ हजार हातात, व्याज शून्य. सुने, तुझ्या आळीत नाही का एखादी?

रोखठोक
काकू, भिशीला कागद नाही, पावती नाही. उचल घेऊन एखादी गाव सोडून गेली तर?

भिशीवाली काकू
एकदा गेली. अकरा जणींनी वाटून भरलं. तिच्या आईच्या दारात जाऊन बसलो, निम्मे आले. भिशीत पुन्हा अनोळखी बाई घेतली नाही.

वॉर्डातली ताई
मी धर्मादाय रुग्णालयात समाजसेवक आहे. इथे पैसे आणायचे कुठून यावर वाद चाललाय, पण ते भरायचे होते का, हे कुणीच विचारलं नाही. रुग्णालय धर्मादाय न्यासाचं असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. जिवावरचा प्रसंग असेल तर अनामत न मागता दाखल करून घ्यायचं असतं. रात्री काउंटरवरचा मुलगा हे आपणहून सांगत नाही. ‘समाजसेवा विभाग कुठे आहे’ असं मोठ्याने विचारायचं. खाजगी असलं तरी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत, म्हणजे सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेत असेल तर तिथे आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस बसतो.

तळ्यात मळ्यात
ताई, कागदावर सगळं गोड आहे. माझ्या वडिलांच्या वेळी ‘त्या खाटा भरल्या आहेत’ एवढंच ऐकायला मिळालं.

वॉर्डातली ताई
असं ऐकायला मिळतं, मी नाकारत नाही. त्यावर उपाय म्हणजे तेच लेखी मागणं. लेखी मागितलं की निदान कुणी वरिष्ठ खाली येतो.

चाकणची सून
ताई, रिसेप्शनच्या भिंतीवर योजनेची पाटी होती, पोरगी वाचत बसली होती. आम्हाला कुणी विचारलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आता बिलं दाखवून मागून काही मिळेल का?

वॉर्डातली ताई
नाही. रुग्ण दाखल असतानाच मंजुरी घ्यावी लागते, भरलेले पैसे परत मिळत नाहीत. पुढे पुन्हा भरती करायची वेळ आली तर रेशनकार्ड आणि आधार जवळ हवं. सासूबाईंचं नाव तुमच्या कार्डावर आहे ना?

चाकणची सून
गावच्या कार्डावर आहे. ते दिरांकडे नाशिकला. म्हणजे फोन करावाच लागणार.