फ्युरोसेमाइडने कॅल्शिअम जातं, थायाझाइडने राहतं: पाठ आहे, पण कळत नाही

घोकू
दुसरं वर्ष चालू आहे. काल तोंडी परीक्षेत पार पचका झाला, म्हणून हा धागा.

डाययुरेटिक्स, म्हणजे लघवी वाढवणारी औषधं, मला तोंडपाठ आहेत. वर्ग, औषधं, साइड इफेक्ट, सगळं तक्त्यासकट. सरांनी विचारलं, "फ्युरोसेमाइड सोडियम बाहेर काढतं, हायड्रोक्लोरोथायाझाइडही काढतं. मग एकाने कॅल्शिअम लघवीतून जातं आणि दुसऱ्याने अंगात राहतं, हे कसं?" मी म्हटलं, "सर, तक्त्यात तसं दिलंय." सर रागावलेही नाहीत, हसलेही नाहीत. नुसतं "बरं" म्हणाले. तेच जास्त लागलं.

गेल्या वर्षी फिजिओलॉजीत नेफ्रॉनची, म्हणजे मूत्रपिंडातल्या गाळणाऱ्या बारीक नळीची, आकृती मी रंगीत पेन्सिलींनी काढली होती. तिच्या वळणाला, म्हणजे लूपला, निळा रंग दिला होता. त्या निळ्या रंगाच्या आत काय चालतं, हे तेव्हाही माहीत नव्हतं आणि आताही नाही. फार्माकॉलॉजी करताना फिजिओलॉजी पुन्हा पहिल्यापासून वाचायची का? तेवढा वेळ कुणाकडे असतो?

रात्रपाळी
"तसं दिलंय" हे उत्तर मीही देऊन बसलोय रे, तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस. आता हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे.

सगळी फिजिओलॉजी नको वाचू. औषध ज्या जागी बसतं, तेवढी जागा वाच, आणि औषध नसताना तिथे काय चालतं ते आधी बघ. मूत्रपिंडं मिनिटाला साधारण 125 मिली गाळतात, म्हणजे दिवसाला 180 लिटर. लघवी होते दीड लिटरच्या आसपास. बाकीचं सगळं परत घेतलं जातं. डाययुरेटिक गाळणं वाढवत नाही, परत घेण्यात खोडा घालतं. कुठे घालतं, यावर पुढचं सगळं ठरतं.

आता तुझा निळा लूप. त्याच्या जाड चढत्या भागातल्या पेशींवर एक वाहक आहे. तो एका खेपेत एक सोडियम, एक पोटॅशिअम आणि दोन क्लोराइड आत ओढतो. दोन धन, दोन ऋण, हिशेब चुकता. पण पोटॅशिअम आत टिकत नाही, दुसऱ्या वाटेने परत नळीत झिरपतं. त्यामुळे नळीच्या बाजूला धन प्रभार चढतो. कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअमही धनच. हा प्रभार त्यांना रेटतो आणि ते दोन पेशींमधल्या फटीतून रक्ताकडे जातात. फ्युरोसेमाइड तो वाहकच बंद पाडतं. पोटॅशिअमचं झिरपणं थांबलं, प्रभार उतरला, रेटणारं कोणी उरलं नाही. कॅल्शिअम गेलं लघवीत, सोबत मॅग्नेशिअमही.

थायाझाइड बसतं पुढे, दूरस्थ नलिकेत. तिथला वाहक फक्त सोडियम आणि क्लोराइडचा, त्यामुळे हा प्रभाराचा खेळच तिथे नाही. कॅल्शिअम तिथे पेशीच्या आतून जातं. सोडियम आत येणं थांबलं की पेशीतलं सोडियम उतरतं, मग रक्ताच्या बाजूचा सोडियम-कॅल्शिअम विनिमय जोरात चालतो आणि कॅल्शिअम रक्तात जातं. हे झालं परीक्षेचं उत्तर. दुसरं कारण असं की अंगातलं पाणी थोडं कमी झालं की नेफ्रॉनचा सुरुवातीचा भाग सोडियम जास्त ओढायला लागतो आणि कॅल्शिअम त्याच्यामागे फरफटत येतं. मला विचारशील तर हे दुसरं जास्त वजनदार आहे, पण पेपरात दोन्ही लिही.

म्हणूनच कॅल्शिअमचे मुतखडे पुन्हा पुन्हा होणाऱ्याला थायाझाइड देतात. लघवीतच कॅल्शिअम कमी उतरलं तर खडा कशाचा होणार?

शेपूट_बघा
एवढं सगळं परीक्षेच्या आदल्या रात्री कोण करणार, दादा? घोकंपट्टीला उगाच नावं ठेवू नका. पाचशे नावं डोक्यात नसतील तर समजून घ्यायचं कशाचं? मी नावांच्या शेपट्या पाठ केल्या. प्रिल दिसलं की एसीई इनहिबिटर, सार्टन दिसलं की अँजिओटेन्सिन रिसेप्टर ब्लॉकर, ओलॉल दिसलं की बीटा ब्लॉकर. पास झाले, चांगल्या मार्कांनी.

रात्रपाळी
शेपट्या हव्याच, ताई. फक्त शेपटीवरून प्राणी ओळखताना जरा जपून. ओमेप्राझोल जठरातलं आम्ल कमी करतं. अ‍ॅरिपिप्राझोल स्किझोफ्रेनियात देतात. प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉल ओलॉलवाले. पण लॅबेटॅलॉल आणि कार्व्हेडिलॉलचा शेवट किंचित वेगळा आहे बघा. ही दोघं अल्फा रिसेप्टरही अडवतात.

आणि शेपटी पुढचं सांगत नाही. इन्सुलिन घेणाऱ्याला प्रोप्रॅनोलॉल दिलं आणि साखर उतरली, तर छातीची धडधड होत नाही, हात थरथरत नाहीत, म्हणजे धोक्याची घंटाच दबते. घाम मात्र सुटतो. का?

शेपूट_बघा
घामही धडधडीसारखा सिम्पथेटिक नसांमुळेच ना? मग तोही थांबायला हवा.

रात्रपाळी
नसा सिम्पथेटिकच, पण त्या टोकाला अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन सोडतात आणि घामाच्या ग्रंथीवर ते पकडणारे मस्करिनिक रिसेप्टर असतात. बीटा ब्लॉकर अडवतो ते बीटा रिसेप्टर, त्याचा तिथे संबंधच येत नाही. पहिल्या वर्षी हे "अपवाद" म्हणून एका ओळीत येतं आणि आपण पुढे जातो. पेशंटला मात्र तीच ओळ सांगायची असते: अचानक घाम फुटला तर साखर तपास.

घोकू
काल रात्री कोरा कागद घेऊन बसलो. रंग नाहीत, नुसती नळी आणि बाण. सोडियम कुठे किती परत जातं ते टाकलं: सुरुवातीच्या भागात साधारण 65 टक्के, जाड चढत्या भागात 25, दूरस्थ नलिकेत 5 च्या आसपास. मग अ‍ॅसिटाझोलामाइड हे डाययुरेटिक सुरुवातीच्या एवढ्या मोठ्या भागात बसूनही लघवी फारशी का वाढवत नाही, हे आपोआप कळलं. पुढचे भाग उरलेलं उचलतात! आणि थायाझाइड लूपवाल्यापेक्षा सौम्य का, तेही.

मग एक शंका आली. फ्युरोसेमाइड बरेच दिवस चालू असेल तर पुढच्या दूरस्थ नलिकेवर रोज जास्त सोडियम येऊन आदळणार. ती जास्त उचलायला शिकत असेल का? मग औषधाचा जोर ओसरेल. अशा वेळी थायाझाइड जोडलं तर?

रात्रपाळी
शिकते. तिथल्या पेशी खरोखर वाढतात. आणि जोडतातही, मेटोलाझोन हे थायाझाइडसारखं औषध त्यासाठीच बऱ्याचदा वापरतात. पण आता तुझ्या कागदावर आणखी एक बाण काढ. दोन्ही ठिकाणांहून सुटलेलं सोडियम शेवटच्या, संग्राहक नलिकेत पोचतं. तिथे ते आत घेताना बदल्यात काय बाहेर जातं?

घोकू
पोटॅशिअम. म्हणजे दुप्पट मार.

रात्रपाळी
आता तोच पेशंट डिगॉक्सिनवर, म्हणजे हृदयाच्या औषधावर, आहे असं समज. डिगॉक्सिन आणि पोटॅशिअम एकाच पंपावर जागेसाठी भांडतात. पोटॅशिअम उतरलं की जागा कोणाला मिळणार, ते तूच लिही.

घोकू
थांबा दादा, हृदयाच्या पेशीचा कागद अजून काढलेला नाही. उद्या रात्री लिहितो.