समुद्राकाठी राहताय किंवा राहून आलाय? या, लिहा

सुट्ट्या आल्या की सगळ्यांचे बीचचे बेत सुरू होतात, पण दोन दिवस डुंबून येणं वेगळं आणि तिथे संसार करणं वेगळं. दोन्हीचे अनुभव येऊ द्या. हॉटेलांचे रिव्ह्यू मात्र नकोत प्लीज.

—

आम्ही अलिबागचे. भरती कधी हे आमच्याकडे तिथीवरून काढतात, तिथीची पाऊणपट करायची की साधारण वेळ मिळते. म्हणजे चतुर्थीला तीनच्या आसपास भरती आणि नवाला ओहोटी. कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर हे बघूनच निघावं लागतं, नाहीतर पाहुणेमंडळी आत गणपतीसमोर निवांत बसतात, बाहेर पाणी चढतं आणि मग बोटवाला शोधत फिरा.

—

माझं माहेर हर्णै. बोटी लागल्या की बैलगाड्या पार पाण्यात जातात, टोपल्या पुळणीवर येतात आणि तिथेच लिलाव. नवरा देशावरचा, पहिल्यांदा आला तेव्हा सुरमईचा भाव करत बसला, तोवर शेजारच्या बाईने बोली लावून टोपली उचललीसुद्धा! आता गपगुमान आईच्या मागे पिशवी धरून उभा असतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणून सोडे, जवळा, बोंबील सगळं उन्हातच वाळवून भरून ठेवायचं. बाहेर धो धो पाऊस आणि ताटात सोड्याची खिचडी, मला तर ताज्या पापलेटपेक्षा हीच आवडते, हाणा मला.

—

खिचडीला +१.

—

रिटायर झाल्यावर दापोलीजवळ घर बांधलं. खरं सांगतो, खारी हवा लोखंड खाते. ग्रिल, बिजागऱ्या, गॅसची शेगडी, एसीचं बाहेरचं युनिट, काही सोडत नाही, त्यामुळे बांधतानाच जमेल तिथे लाकूड नाहीतर चांगलं स्टील वापरा. पण शाळेत घोकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे येऊन कळले, जमीन तापली की अकरा-साडेअकराला खिडकीचे पडदे आत यायला लागतात आणि बायको पंखा बंद करते.

—

वेळासला कासवं बघायला गेलो होतो. घरट्यांवर टोपल्या पालथ्या घातलेल्या असतात. सकाळी उचलल्या तर खाली नुसती वाळू, संध्याकाळी मात्र पिल्लं निघाली आणि तुरुतुरु पाण्याकडे पळाली. एक काका पैसे परत मिळतील का विचारून सकाळीच निघून गेले होते. अहो, कासवं बुकिंग बघून येत नाहीत.

—

मी रत्नागिरीचा, नोकरीमुळे चेन्नईत. इथे सूर्य समुद्रातून उगवतो आणि बिल्डिंगांमागे मावळतो, संध्याकाळी बीचवर तोंड कुठे करून बसावं कळत नाही. मासेमारीबंदी पण वेगळी, 15 एप्रिल ते 14 जून, म्हणजे इथे ताजे मासे यायला लागतात तेव्हा आमच्या गावात बंदी असते. जूनअखेरीस व्हिडिओ कॉलवर ताट दाखवलं की आई फोन कट करते.