परवान्याचं रिव्हॉल्वर कमरेला दिसेल असं लावून मुंबईत फिरता येतं का? नाकाबंदीत काय करायचं?

झवेरीबाजार_गल्ली:
.३२ बोअरचं रिव्हॉल्वर आहे, परवाना पोलीस आयुक्तालयाचा, मुदतीतला. कारण स्वसंरक्षण. रोज रात्री दुकानातून माल आणि रोकड घेऊन गाडीने घरी जाणं होतं. ओळखीतले एक-दोघं म्हणतात, शर्टाच्या वर पट्ट्याला उघडं लाव, बघूनच चोर लांब राहतील. अमेरिकेतले व्हिडिओ पाहिलेत, तिथले लोक रायफल खांद्याला लावून रस्त्याने चालतात आणि पोलिसाला सरळ विचारतात, "मला का अडवलं?" आपल्याकडे हे चालतं का? आणि रात्री नाकाबंदीत अडवलं, तर शस्त्र आहे हे आपणहून सांगायचं की विचारल्यावर?

कलम_आणि_कागद:
चालत नाही. शस्त्र नियम २०१६ मधला आठवा नियम काढून वाचा. सार्वजनिक ठिकाणी हँडगन न्यायची तर ती अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा सॅकसारख्या पिशवीत हवी. बंदूक किंवा रायफल असेल तर तिच्यासाठी केलेल्या कव्हरमध्ये. शिवाय शस्त्र पूर्ण झाकलेलं पाहिजे आणि बाळगणाऱ्याचा त्यावर पक्का ताबा पाहिजे. होल्स्टर असलं आणि मूठ बाहेर दिसत असली, तर ते "पूर्ण झाकलेलं" होत नाही. वरून शर्ट किंवा जॅकेट हवं. शर्ट आत खोचून वर पट्ट्याला होल्स्टर, ही सिनेमातली पद्धत इथे नियमभंग आहे.

नियम किंवा परवान्याची अट मोडली आणि त्याला दुसरी शिक्षा सांगितलेली नसेल, तर शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ३० लागतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन हजार वाचून हसू नका. खरा फटका कलम १७ चा. अट मोडली म्हणून परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. मग शस्त्र जमा, आणि तुम्ही राज्याच्या गृह विभागाकडे अपील घेऊन फेऱ्या मारत बसता.

अमेरिकेची तुलना इथे लावू नका. तिथे शस्त्र बाळगणं हा त्यांच्या घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीतला हक्क आहे, आणि कित्येक राज्यांत उघडं शस्त्र न्यायला परवानाच लागत नाही. म्हणून नुसतं शस्त्र दिसलं एवढ्यावर माणसाला अडवता येतं का, हा तिथे खरोखर वादाचा मुद्दा होतो. आपल्या घटनेच्या कलम १९ मध्ये सभेचं स्वातंत्र्य दिलंय तेही "शांततेने व विनाशस्त्र". आणि शस्त्र अधिनियमाचं कलम १९ (योगायोगाने आकडा तोच) कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याला शस्त्र बाळगणाऱ्याकडे परवाना मागायचा अधिकार देतं. संशयाचं कारण त्याने आधी सांगायला हवं असं त्यात नाही. "मला का अडवलं" याचं उत्तर तिथेच संपतं.

मुलुंड_चेकनाका:
वरच्यात भर. परवान्यावरचा "वैधता क्षेत्र" हा रकाना आत्ता उघडून बघा. फक्त बृहन्मुंबई लिहिलं असेल, तर दहिसर नाका ओलांडला की मीरा-भाईंदर, मुलुंडच्या पुढे ठाणे आणि वाशीचा किंवा ऐरोलीचा पूल उतरलात की नवी मुंबई. तिन्ही वेगळी आयुक्तालयं. घर डोंबिवलीला आणि परवाना मुंबईपुरता, असं असेल तर रोजचा रस्ताच परवान्याबाहेर जातो. हद्द वाढवायला रीतसर अर्ज करावा लागतो आणि कारण पटवावं लागतं. पत्ता बदलला असेल तर तेही ३० दिवसांत कळवायचं असतं.

मुदतही बघा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला, आधी तीनचा होता. दोन महिने आधीच नूतनीकरणाचा अर्ज टाका आणि पोच जपून ठेवा. मुदत संपलेल्या परवान्यावर शस्त्र सापडलं तर तो कलम ३० चा किरकोळ मामला राहत नाही, विनापरवाना शस्त्राचं कलम २५ लागू शकतं. तिथे दोन ते पाच वर्षं.

रात्रपाळी:
नाकाबंदीचं सांगतो, कारण गडबड होते ती तिथेच. कायदा माहीत असलेले लोकही हात चुकीच्या ठिकाणी नेतात.

आधी घरून निघतानाची तयारी. परवान्याचं मूळ पुस्तक बरोबर हवं. कलम १९ "परवाना दाखवा" म्हणतं, मोबाईलमधला फोटो तिथे अधिकाऱ्याच्या मर्जीवर. पुस्तक शस्त्राच्या जवळ ठेवायचं नाही. उजव्या कमरेला रिव्हॉल्वर असेल तर परवाना शर्टाच्या डाव्या खिशात किंवा डॅशबोर्डवर पाकिटात. शस्त्र आणि परवाना दोन्ही एकाच ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवणं सगळ्यात वाईट, कारण कागद काढायला झाकण उघडलं की हवालदाराला आधी शस्त्र दिसतं. लायसन्स आणि आरसी बुकलाही हेच लागू.

बॅरिकेड दिसले की वेग कमी, हेडलाइट लो, गाडीतला दिवा लावा, काच पूर्ण खाली. इंजिन बंद. दोन्ही हात स्टीअरिंगवर, बोटं दिसतील असे. शेजारी कोणी असेल तर त्याचेही हात मांडीवर.

मग आपणहून सांगा. तपासणी न करता नुसतं "जा" म्हणाले तर उगाच विषय काढायची गरज नाही. पण उतरा म्हणाले, डिकी उघडायला लावली किंवा झडती घेणार असं दिसलं, की हात न हलवता आधी वाक्य: "साहेब, माझ्याकडे परवान्याचं शस्त्र आहे, उजव्या कमरेला. परवाना डाव्या खिशात आहे. कसं करू सांगा." क्रम महत्त्वाचा. "परवान्याचं" हा शब्द आधी यायला हवा. नुसतं "माझ्याकडे रिव्हॉल्वर आहे" एवढंच पहिलं कानावर पडलं तर पुढचं कोणी ऐकत नाही. मग ते सांगतील तसं, सावकाश.

शस्त्र दाखवायला म्हणून स्वतः होल्स्टरमधून काढायचं नाही. "साहेब, तुम्ही काढून घ्या" म्हणा. काढायलाच सांगितलं तर ट्रिगरपासून बोट लांब, नळी जमिनीकडे. रिकामं करायचं झालं तर गाडीत बसून नको. बाहेर उतरून, माणसं नाहीत त्या बाजूला तोंड करून. कानपूरच्या जुन्या .३२ रिव्हॉल्वरचा वरचा खटका दाबून नळी खाली वाकवली की सगळी काडतुसं एकदम वर येतात, अंधारात रस्त्यावर सांडतात आणि मग मोजणीत घोळ होतो. खाली हात धरा. पिस्तूल असेल तर आधी मॅगझिन, मग स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, बघा. उलट केलं तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली नवीन गोळी चेंबरमध्ये चढते आणि तुम्ही समजता पिस्तूल रिकामं झालं.

मोबाईलवर शूटिंग हवंच असेल तर शेजारच्याने करावं. कमरेला शस्त्र असलेल्या माणसाने अंधारात खिशाकडे हात नेऊ नये, खिशात काहीही असो.

झवेरीबाजार_गल्ली:
धन्यवाद सगळ्यांना. मूळ परवाना घरी राहिला आणि तेव्हाच अडवलं तर शस्त्र काढून घेतात का? आणि सोडवायचं कसं? दुसरं, आमच्या बाजारात दुकानांबाहेर बारा बोअरवाले गार्ड उघडी बंदूक घेऊन उभे असतात, त्यांना कोणी काही बोलत नाही, ते कसं?

कलम_आणि_कागद:
काढून घेऊ शकतात. परवाना दाखवला नाही तर अधिकारी नाव-पत्ता विचारतो आणि गरज वाटली तर शस्त्र जप्त करतो. नाव-पत्ता दिला नाही, खोटा दिला किंवा पळून जाल असं वाटलं, तर वॉरंटशिवाय अटकही होते. म्हणून नाव-पत्त्यावर हुज्जत घालू नका. परवाना घरी असेल तर घरच्यांना तो घेऊन थेट पोलीस ठाण्यात बोलवा. नवीन परवान्यावर यूआयएन (स्वतंत्र ओळख क्रमांक) असतो, तो आकडा पाठ ठेवला तर ठाण्यातून खातरजमा लवकर होते.

जप्ती झालीच तर पंचनाम्यावर सही करायच्या आधी चार गोष्टी ताडून बघा. शस्त्राचा नंबर (अंकागणिक, फ्रेमवरचा आणि परवान्यावरचा), बोअर आणि मेक, काडतुसांची संख्या, मॅगझिन किंवा होल्स्टर घेतलं असेल तर त्याची नोंद. "एक रिव्हॉल्वर व काही राऊंड" असं मोघम लिहू देऊ नका. पुढे सहाचे पाच झाले तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. प्रत मागा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रण व्हायला हवं, ते झालं का हे शांतपणे विचारा. अटक केली तर कारण सांगणं, नातेवाइकांना कळवणं आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणं बंधनकारक आहे. गुन्हा नोंदवला गेला असेल तर शस्त्र ठाण्यातून परत मिळत नाही. मुद्देमाल परत मिळावा म्हणून कोर्टात अर्ज, आता कलम ४९७ किंवा ५०३ खाली, टप्प्याप्रमाणे.

काडतुसांच्या खरेदीची बिलं फाईलला ठेवा. एका वेळी किती आणि वर्षाला किती, हे परवान्यावर लिहिलेलं असतं. पोलीस मोजणी करतात ती त्या आकड्याशी आणि दुकानदाराच्या नोंदीशी.

मुलुंड_चेकनाका:
गार्डचं बघून आपलं ठरवू नका. तो नेमलेल्या जागेवर उभा असतो, मालकाच्या उंबऱ्यात. तोच गार्ड ड्युटी संपल्यावर मस्जिद बंदरला लोकल पकडतो तेव्हा बंदूक कव्हरमध्येच पाहिजे. आणि बाहेरच्या राज्यातल्या गार्डचा परवाना मुंबईत चालतो का, ते तुमच्या दुकानाचा गार्ड असेल तर तुम्हीच बघायला हवं. वैधता क्षेत्र, यूआयएन, स्थानिक ठाण्यात नोंद. बनावट परवान्यावर गार्ड ठेवला की मालकालाही चौकशीला बसावं लागतं.

लालबाग_परळ:
उघडं लावून चोर लांब राहतात, हे थोडं तरी खरं आहे असं मला वाटतं. सगळंच झाकून ठेवायचं तर धाक कसला?

रात्रपाळी:
@लालबाग_परळ, धाक दाखवायचा म्हणून परवाना दिलेला नाही. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र परजायला नियमांतच मनाई आहे, आणि कोणाशी बाचाबाची होताना शर्ट वर करून मूठ दाखवली तर समोरचा धमकीची तक्रार देतो. दुसरं म्हणजे मुंबईची गर्दी. दादरच्या पुलावर किंवा विरार लोकलमध्ये दहा जण अंगाला चिकटलेले असताना उघड्या होल्स्टरवर ताबा राहत नाही. खटक्याची पट्टी असलेलं, ट्रिगर पूर्ण झाकणारं होल्स्टर घ्या. कापडी सैल होल्स्टर वाकलं की रिव्हॉल्वर सरकतं. आणि जोखमीचा माल घेऊन जाणाऱ्याच्या कमरेला शस्त्र दिसलं, तर टोळीला आधी कोणाला पाडायचं ते कळतं.

गाडीत ठेवून मॉलमध्ये जाणं हा दुसरा प्रकार. काच फोडून शस्त्र गेलं तर लगेच जवळच्या ठाण्यात कळवावं लागतं, आणि पहिला प्रश्न "गाडीत का ठेवलं?" हाच येतो. जिथे आत नेता येणार नाही तिथे जायचं असेल त्या दिवशी ते घरच्या तिजोरीत राहू दे.

कलम_आणि_कागद:
सणासुदीचं राहिलं. परवान्याच्या अटींत लिहिलंय की खास परवानगीशिवाय जत्रा, धार्मिक मिरवणूक, जाहीर जमाव किंवा शिक्षणसंस्थेच्या आवारात शस्त्र न्यायचं नाही. म्हणजे विसर्जनाला गिरगाव चौपाटी, दहीहंडी, मुलाच्या शाळेचं स्नेहसंमेलन, सगळीकडे नाही. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढला तर २०१९ पासून त्याला वेगळी शिक्षा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

शिवाय मुंबईत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली शस्त्रबंदीचे आदेश वरचेवर निघतात. आदेशात कोणाला सूट आहे ते वाचा, परवाना आहे म्हणून सूट आहे असं धरून चालू नका. आदेश मोडला तर त्याच अधिनियमाच्या कलम १३५ ची शिक्षा.

निवडणूक जाहीर झाली की शस्त्र जमा करायची नोटीस येऊ शकते. सरसकट सगळ्यांना नाही, छाननी समिती ठरवते. जामिनावर असलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळात, सापडलेले यांच्याकडे आधी लक्ष जातं. रोकड नेण्याचं कारण असेल तर लेखी अर्ज करून सूट मागा. नोटीस आली आणि सूट मिळाली नाही, तर मुदतीत ठाण्यात जमा करा, नंबर आणि काडतुसांसह पावती घ्या. निकालानंतर आठवड्याभराने परत मिळतं. पावतीशिवाय मुद्देमाल कारकुनासमोर उभे राहू नका.

झवेरीबाजार_गल्ली:
परवाना बघितला. वैधता क्षेत्र बृहन्मुंबई, घर ठाण्याला. उद्या आयुक्तालयात अर्जाचं विचारतो.

मुलुंड_चेकनाका:
विचारा, आणि हद्द वाढेपर्यंत रिव्हॉल्वर घेऊन मुलुंड ओलांडू नका. मुंबईच्या हद्दीतल्या परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे पैसे भरून जमा ठेवता येतं. रोकड तोवर दुकानाच्या तिजोरीत किंवा कॅश व्हॅनवाल्यांकडे.