मदत हवी आहे: सात-आठ पुस्तकं सुचवा, सोमवारच्या आत

बाणकोटकर | शुक्रवार, रात्री 10:52

नमस्कार मंडळी. सात-आठ पुस्तकं हवी आहेत. कथा-कादंबऱ्या पण हव्यात आणि खरंखुरं घडलेलं, आठवणी, प्रवास, निसर्ग असंही हवं. सगळी एका जातीची नकोत. मागच्या वेळी तीच चूक केली आणि तिसऱ्या आठवड्यानंतर एकाही पुस्तकाला हात लावला नाही. जाडजूड नकोत. अभ्यास करायचा नाहीये, मजेसाठी वाचायचंय. जुने धागे चाळले. प्रत्येकात दोनदोनशे नावं, त्यातून निवडायला बसलो तर रिटायर होईन. सोमवारी संध्याकाळी बॅग बंद होणार. पटापट सांगा.

अर्धाकप | रात्री 11:05

मराठी की इंग्रजी? वय काय? आधी काय वाचलंय, त्यातलं काय आवडलं? मागच्या वेळची चूक म्हणजे नेमकी कुठली? काही सांगायचं नाही आणि वर पटापट. डॉक्टरांकडे जाऊन नुसतं "गोळी द्या" म्हणण्यातला प्रकार.

उगाच_एक | रात्री 11:07

मृत्युंजय. विषय संपला.

शनिवारपेठी | रात्री 11:31

विकत कशाला घेताय? वाचनालय लावा. पुणे नगर वाचन मंदिर 1848 सालचं आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 चं. पूर्वजांनी एवढं उभं करून ठेवलंय ते काय फोटो काढायला? राहता कुठे ते सांगा, जवळचं सुचवतो.

मीनलमावशी | शनिवार, सकाळी 6:15

बाळा, लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे घे. शाळेच्या पुस्तकातला धडा आठवून नाक मुरडू नकोस. वडिलांचं सोवळ्याचं वेड, नवऱ्याचा लहरीपणा, कशाकशातून गेली बाई, आणि सांगते कशी, तर ओट्यावर बसून भाजी निवडता निवडता सांगावं तशी. मी दर पावसाळ्यात वाचते. संक्षिप्त नको, पूर्ण घे.

बाणकोटकर | सकाळी 9:40

मराठीच हो. इथे विचारतोय म्हणजे मराठीच ना. मृत्युंजय चारदा झालंय. वाचनालयाचा उपयोग नाही, परत द्यायला चार महिने तरी येणार नाही. मावशी, नोंदवलं.

अर्धाकप | सकाळी 9:44

चार महिने? आत जाताय की काय? (हलके घ्या.)

निशाचर | सकाळी 10:20

ई-बुक घ्या आणि मोकळे व्हा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर कितीतरी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत. शिवाय विश्वकोश आहेच. अजूनही लोक कागद वाहतायत म्हणजे कमाल आहे.

बाणकोटकर | सकाळी 11:15

सविस्तर सांगतो, नाहीतर हे असंच चालणार.

मी जहाजावर फोर्थ इंजिनियर आहे. मंगळवारी पहाटेचं विमान, सिंगापूरला जॉइन. चार महिने, कदाचित पाच. तिकिटावर तीस किलो सामान चालतं. त्यात बॉयलर सूट, सेफ्टी शूज, आईचे लाडू आणि घरच्यांनी कोंबलेलं बाकीचं. पुस्तकांना तीन किलो उरतात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून बघितलं, शेल्फावरची एक जाड कादंबरी एकटी साडेनऊशे ग्रॅम भरली.

ई-रीडर होता. मागच्या फेरीत जहाज रोल होत असताना बंकवरून पडला आणि काचेवर कोळ्याचं जाळं. फोनवर वाचवत नाही, दिवसभर पॅनेल बघून डोळे आधीच गेलेले असतात.

मागची चूक म्हणजे पाच पुस्तकं नेली, पाचही ऐतिहासिक कादंबऱ्या. दुसऱ्या महिन्यात कोण कोणत्या गडावरून उतरतंय तेच कळेना. शेवटी मेसमध्ये कुणीतरी टाकून दिलेली इंग्रजी थ्रिलर वाचली. पाण्याने फुगून पावाएवढी झालेली, शेवटची वीस पानं गायब. खुनी कोण ते अजून माहीत नाही.

उगाच_एक | सकाळी 11:18

मग छावा घ्या.

कऱ्हाडचा_गडी | सकाळी 11:26

भावा आधी सांगायचं की जहाजावर हाईस! एका कोळियाने घे की. हेमिंग्वेचं, पुलंनी मराठीत आणलंय. म्हातारा, समुद्र, मासा. पातळ बी हाय.

अर्धाकप | सकाळी 11:30

चार महिने चहूबाजूंनी पाणी आणि वाचायलाही पाणीच? त्याला माळरान द्या. बनगरवाडी. व्यंकटेश माडगूळकरांची, 1955 ची. कोवळ्या वयाचा मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला जातो, एवढंच. धूळ, मेंढरं, लिंबाखालची चावडी. एका बैठकीत संपते आणि महिन्याने परत वाचता येते.

निशाचर | सकाळी 11:52

समुद्रच हवा तर रणांगण आहे ना! विश्राम बेडेकर, 1939. जवळजवळ सगळी कादंबरी बोटीवर. युरोपातून सुटलेले ज्यू निर्वासित, त्यात हेर्टा, आणि आपला चक्रधर. आणि शेवटी तर

निशाचर | सकाळी 11:52

चुकून अर्धवटच पोस्ट झालं. शेवटी काय होतं तर

मीनलमावशी | सकाळी 11:55

अरे गप! शेवट फोडू नकोस. तो बिचारा आधीच एका खुन्याला मुकलाय.

शनिवारपेठी | दुपारी 12:40

ई-बुकवाल्यांनी कागदाचं नाव सुचवलं, नोंद घेण्यात यावी. असो. सिंगापूरला जाणारच आहात तर तिथलं सार्वजनिक ग्रंथालय उत्तम आहे म्हणतात.

बाणकोटकर | दुपारी 12:48

काका, मी विमानतळावरून थेट धक्क्यावर जातो. सिंगापूर म्हणजे गाडीच्या काचेतून दिसणारी झाडं. रणांगण कॉलेजात असताना वाचलंय, आवडलं होतं, पण आता बोटीवर बोट नको. बनगरवाडी घरात आहे. जुनी प्रत, 160 ग्रॅम. घेतली.

डेकवरचा_म्हातारा | दुपारी 2:10

तेवीस वर्षं समुद्रावर काढली, आता कुडाळला आंबे राखतो. नावं इतर लोक देतीलच, मी दुसरं सांगतो.

फोर्थ म्हणजे आठ ते बाराची वॉच, म्हणजे पाळी, सकाळी आणि रात्री. बरोबर? रात्री बारानंतर अंघोळ करून बंकवर पडलात की डोकं कादंबरीचं नसतं. कोण कुणाचा भाचा ते आठवत बसायची ताकद नसते. तेव्हा निम्मी पुस्तकं अशी घ्या की कुठलंही पान उघडावं, दहा मिनिटं वाचावं, दिवा मालवावा. आणि निम्मी अशी की बंदराबाहेर नांगर टाकून आठवडा पडून राहिलात तर सलग वाचता येतील. ललित की ललितेतर हा हिशेब दुकानदाराचा. तुमचा हिशेब वॉचचा.

दुसरं म्हणजे छपाई. बंकवरचा दिवा पिवळा असतो आणि तो नेहमी डाव्या कानाच्या मागेच असतो. दुकानात पुस्तक उघडून हातभर लांब धरून बघा, अक्षर दिसलं तरच घ्या.

बंदरांतल्या खलाशी क्लबात पुस्तकांचं कपाट असतं, एक ठेवा एक न्या. इंग्रजी मिळेल, फिलिपिनो मिळेल. मराठीची आशा धरू नका. मी एकदा चिनी पाककृतींचं पुस्तक आणलं होतं, चित्रं बघायला.

लायब्ररीवाली | दुपारी 3:35

वरच्या प्रतिसादाला दंडवत. मग दहा मिनिटांच्या खात्यात दुर्गाबाईंचं ऋतुचक्र. एकेका महिन्यावर एकेक लेख, सुरुवात चैत्रापासून. जहाजावर ना पालवी ना पानगळ, तेव्हा तारखेप्रमाणे त्या त्या महिन्याचा लेख काढून वाचायचा. एकदम वाचून मात्र संपवू नका, श्रीखंडासारखं आहे.

सलगच्या खात्यात गोडसे भटजींचा माझा प्रवास. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक, कर्ज फेडायचं म्हणून दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाला आणि 1857 च्या बंडात सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा स्वारी झाशीत. वाटेत लुटला गेला, पुन्हा लुटला गेला, आणि शेवटी काय आणलं, तर आईवडिलांसाठी गंगेची कावड. पुस्तक छापून आलं 1907 मध्ये, भटजी गेल्यानंतर. आमच्याकडे एक शाळकरी मुलगा ते तीनदा घेऊन गेला. त्याला वाटलं खोटं आहे, कुणीतरी रचलंय.

कऱ्हाडचा_गडी | दुपारी 3:50

पुन्हा इतिहासच की!

लायब्ररीवाली | दुपारी 3:58

इतिहास वेगळा आणि ऐतिहासिक कादंबरी वेगळी. यात गडांपेक्षा पोट जास्त आहे. आणि गडाशिवायची कादंबरीच हवी असेल तर नंदा खरे यांची अंताजीची बखर. अंताजी पेशव्यांच्या काळातला, पण वीर वगैरे अजिबात नाही. कातडी वाचवत बंगालपर्यंत पोचलेला इरसाल माणूस. बखरीच्या भाषेत लिहिलंय, पहिली दहा पानं जीभ अडखळते, मग हसून हसून बंकवरून पडाल. ई-रीडरसारखे.

उगाच_एक | दुपारी 4:02

खऱ्यांनी अकादमीचा पुरस्कार नाकारला होता ना? मग?

निशाचर | दुपारी 4:09

मग काय? तो उद्या या कादंबरीसाठी होता. आणि नाकारला म्हणून पुस्तकाचं वजन वाढतं का?

(यानंतर पुरस्कार घ्यावेत की नाकारावेत यावर एकोणीस प्रतिसाद. त्यासाठी वेगळा धागा काढला आहे, इथे बंद करा. – संपादक)

पणजीचो_पाव | संध्याकाळी 6:30

महाबळेश्वर सैल यांची तांडव राहिली. सोळाव्या शतकातला गोवा, धर्मांतरं, देव उचलून रातोरात नदीपार नेणारी माणसं. सुंदर कादंबरी. जाड आहे, पण जाड म्हणून काय सोडायची?

अर्धाकप | संध्याकाळी 6:41

"जाडजूड नकोत." पहिल्या पोस्टमधली सहावी ओळ असेल.

पणजीचो_पाव | संध्याकाळी 6:44

एक लाडू कमी न्या.

बाणकोटकर | संध्याकाळी 7:20

लाडवांवर चर्चा नाही.

डेकवरचे काका, मंडळ आभारी आहे. दिवा खरंच डाव्या कानामागे असतो, मला वाटायचं माझ्याच केबिनमध्ये. उद्या सकाळी दापोलीत जाऊन बघतो काय मिळतंय.

शनिवारपेठी | रात्री 8:15

दापोली? म्हणजे श्री. ना. पेंडशांचा मुलूख! मुर्डी तिथून जवळच. गारंबीचा बापू वाचलं असेलच. अवांतर: हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव अजून होतो का? सुरमईचा भाव काय?

बाणकोटकर | रात्री 8:22

होतो. भाव विचारू नका.

निशाचर | रात्री 9:50

या यादीत एकही लघुकथासंग्रह नाही हे कुणाच्या लक्षात आलंय का? काजळमाया. जीए. बोला.

मीनलमावशी | रात्री 9:58

एकटा मुलगा, रात्रीची वेळ, अथांग काळं पाणी, आणि त्याला जीए द्यायचे? तुला दया नाही का रे? प्रकाश नारायण संतांचं वनवास दे त्याला. लंपन, आजी-आजोबांचं घर, सुमी. घराची आठवण आली तर निदान गोड येईल.

निशाचर | रात्री 10:04

घराची आठवण काढायला पुस्तक कशाला लागतं? ती फुकट येते. चार महिने गोडच खायचं का? जीएंची एक कथा आठवडाभर डोक्यात फिरते. ग्रॅममागे एवढं वाचन दुसरं कोण देतं?

अर्धाकप | रात्री 10:10

निशाचरशी सहमत, हे लिहिताना हात थरथरतोय.

मीनलमावशी | रात्री 10:13

ठीक आहे. काजळमाया ने, पण वनवासच्या शेजारी ठेव. आणि रात्रीच्या वॉचनंतर उघडू नकोस. वचन दे.

बाणकोटकर | रविवार, रात्री 9:30

अपडेट. दापोलीत चारच मिळाली, माझा प्रवास आणि वनवास बहिणीने पुण्याहून आणली, आप्पा बळवंत चौकातून, आज दुपारच्या एसटीने. काट्यावर ठेवून मोजली. स्मृतिचित्रे, बनगरवाडी, ऋतुचक्र, माझा प्रवास, अंताजीची बखर, वनवास, काजळमाया. एकूण दोन किलो तीनशे दहा. म्हणजे जवळजवळ सातशे ग्रॅम शिल्लक. घाईत कुणाला एखादं पातळ सुचत असेल तर उद्या दुपारपर्यंत.

उगाच_एक | रविवार, रात्री 9:31

ययाती.

लायब्ररीवाली | रविवार, रात्री 9:55

इरावती कर्वेंचं युगान्त. महाभारतातल्या एकेका माणसावर लेख. कुंती वाचून झाली की दोन दिवस दुसरं काही वाचू नका. मृत्युंजय चारदा वाचलेल्याने तर वाचावंच. मग कर्णावरून आपण भांडू.

बाणकोटकर | गुरुवार, सकाळी 7:05

सिंगापूरहून. बंदराचं फुकट वायफाय आहे, अर्ध्या तासात सुटतोय, म्हणून थोडक्यात.

युगान्त मिळालं, आठ झाली. काल केबिनमध्ये बॅग उघडली तर सातच. काजळमायाच्या जागी मेतकुटाची पिशवी, रबरबँड लावलेली, बरोबर तेवढ्याच आकाराची. आईला फोन केला. म्हणाली, "तू आलास की देते, माझं निम्मं झालंय. आणि बाबांनी बोलणं टाकलंय, दिवा मालवू देत नाही म्हणून."

निशाचर, तुमचा विजय झाला, फक्त पत्ता चुकला.

निशाचर | सकाळी 7:40

मावशींनी फोन केला होता का तुमच्या आईंना? खरं सांगा.

शनिवारपेठी | सकाळी 8:02

मेतकूट घरचं की विकतचं?