कार्यालयात परतण्याची सक्ती आणि घरातील आजारपण

प्रश्न: मी अमेरिकेच्या संघराज्य सरकारची कर्मचारी असून मेरीलँडमध्ये राहते. २० जानेवारी २०२५ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशानंतर मला पाचही दिवस कार्यालयात हजर राहण्याची सूचना मिळाली आहे. सासूबाईंना अर्धांगवायू झाल्यापासून दुपारी त्यांना मऊ भात भरवणे आणि औषधे देणे मीच करते. मला सवलत मागता येईल का?

प्रतिसाद १: ताई, त्या आदेशात सवलतीचा अधिकार विभागप्रमुखांना आहे, म्हणून अर्ज लेखीच करा. मात्र १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील सोय कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या अपंगत्वापुरती आहे, आणि कौटुंबिक रजेच्या १९९३ च्या कायद्यात सासू-सासरे येतच नाहीत, हे मला फार अन्यायाचे वाटते. आजारपणाच्या रजेच्या नियमांत मात्र जोडीदाराचे आईवडील धरलेले आहेत. गंभीर आजारात शुश्रूषेसाठी शिल्लक रजेतून वर्षाला ४८० तासांपर्यंत रजा घेता येते.

प्रतिसाद २: आठवड्यातून चार दिवस दहा-दहा तास काम करण्याची मुभाही विचारून पाहा. माझ्या वरिष्ठांनी ती दिली आणि शुक्रवार वडिलांच्या डायलिसिससाठी मोकळा झाला.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. डॉक्टरांचे पत्र उद्याच मागते.